दोषांची फाईल

अक्कलकोट रोडच्या कारखान्यात
माझं काम चुकांचे फोटो काढायचं.
टॉवेल परत येतात, खोकी दबलेली,
वर चिठ्ठी: धागा सुटला, डाग, गाठ, किनार सरकली.
मी टेबलावर पसरतो, ट्यूबलाइट खाली ओढतो,
शेजारी मापाला रुपयाचं नाणं ठेवतो
आणि काढतो. दोष क्रमांक एक. दोष क्रमांक दोन.
सहा वर्षं तेच नाणं.

पहिली दोन-तीन वर्षं मला नुसती चूकच दिसायची.
मग साहेबांनी जवळचं टिपणारी लेन्स आणली,
पुण्याच्या कुणा दातांच्या डॉक्टरची, वापरलेली.
किती किडलेल्या दाढा पाहून आली होती कोण जाणे,
आमच्या सुताला ती लाजली नाही.

मे महिना. वीज गेलेली. माग एकदम गप्प,
इतके गप्प की कानांना तोल सापडेना.
पत्र्याच्या फटीतून ऊन तिरपं टेबलावर उतरलं
आणि मी सवयीनं डोळा लावला.

टॉवेल नव्हताच तो.
फासांचं रान होतं, एकेक फास उभा,
पोटाशी चिमूटभर सावली धरून,
मंगळवेढ्याच्या वाटेवर ज्वारी उभी असते तसं.
मधोमध एक फास चुकलेला,
आणि तेवढ्याच भोकातून खालची वीण दिसत होती,
उभा आडवा, उभा आडवा,
जी धड टॉवेलात कुणालाच दिसत नाही.

चिठ्ठीवर लिहिलं होतं: माल नापास.

तेव्हापासून मला जरा वेडच लागलं म्हणा.
चहाच्या कपाला चिकटलेली साय,
कडक भाकरीच्या पापुद्र्यावरचे करपलेले ठिपके,
शेंगाचटणीचा लाल कण पाठीवर घेऊन चाललेली मुंगी.
बायको म्हणते, जेव आधी.
सिद्धेश्वराच्या तळ्यावर सगळे देवळाकडे तोंड करून उभे,
मी पायरीवर पालथा,
वाळत चाललेल्या ओल्या पावलाची कड बघत.

दोष क्रमांक चारशे अकरा:
पांढऱ्या टॉवेलात विणला गेलेला केस.
लांब. मुळाशी पांढरा, तिथं तो सुतात हरवतो,
पुढं मेंदीचा तांबूस होऊन वर येतो,
दोन फासांखालून जातो, पुन्हा डोकं काढतो.
फाईलला एक फोटो पुरतो.
मी अकरा काढले.

कांड्या भरणाऱ्या नरसुबाई गाजूलना दाखवला,
दुपारच्या सुट्टीत, मोबाइलवर, मोठ्या कौतुकानं.
त्यांनी पदरानं चष्मा पुसला.
"अय्यो, हे माझंच हाय की.
साहेबाला दाखवलास?"

कौतुक माझ्या घशातच अडकलं.
हजेरीचे पैसे कापतात, हे मला ठाऊक होतं,
लेन्समधून तेवढं दिसलं नव्हतं.

नाही, म्हटलं. कागदावर लिहिलंय: बाहेरचा तंतू.

बराच वेळ त्या बघत राहिल्या.
मग दोन बोटांनी चित्र ताणलं, आणखी ताणलं,
केस बाजूला राहिला, पडद्याच्या कडेशी आल्या.
"हे बघ. तिसरा धागा ढिला हाय.
दोन धुण्यात सुटंल.
खरा दोष ह्यो. तुझ्या चिठ्ठीवर न्हाई लिवला."

मी पाहिलं. दिसला नाही.
पुन्हा पाहिलं.
होता. श्वास सोडल्यासारखा सैल,
शेजारच्या दोघांच्या आधारानं उभा.

डब्याचं झाकण लावत त्या उठल्या,
तीस वर्षांत बोटांना पडलेले सुताचे घट्टे
झाकणाच्या कडेवर क्षणभर टेकले.
कॅमेरा हातात होता. मी उचलला नाही.

हल्ली फोटो फाईलला जातात
तेव्हा कधी कधी साहेब ओरडतात:
हे केवढं आहे? माप कुठंय?

नाणं माझ्या खिशातच राहिलेलं असतं.